बुडीत क्षेत्रातली फ्रिक्वेन्सी

एखाद्या गावाच्या फायर ब्रिगेडला आणि ॲम्ब्युलन्सला मिळून एकच चॅनल असणं म्हणजे काय, हे मला २९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री साडेनऊच्या सुमाराला कळलं. त्याआधी दहा वर्षं मी त्याच खुर्चीत बसून तोच चॅनल चालवत होते.

मी उत्तर न्यू जर्सीतल्या एका गावात पोलीस डिस्पॅचर आहे. ९११ ला फोन लागला की जी बाई ‘तुमचा पत्ता सांगा’ म्हणते, ती मी. गाव म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं. या राज्यात अशी साडेपाचशेच्या वर गावं आहेत. बहुतेकांचे पोलीस वेगळे, बंब वेगळे, ॲम्ब्युलन्स वेगळी, आणि रेडिओ म्हणाल तर ज्याचा त्याचा.

त्या रात्री सँडी वादळ आठच्या सुमाराला अटलांटिक सिटीजवळ किनाऱ्याला लागलं. आमची वीज त्याआधीच गेली होती. मोबाइलचे टॉवर एकेक करत मान टाकत होते. वादळाच्या पट्ट्यातले साधारण पाव टॉवर बंद पडले होते, हा आकडा नंतर आला. आम्ही दोघी जणी पोलीस इमारतीच्या अर्ध्या तळघरातल्या खोलीत, बाहेर जनरेटर धडधडतोय, समोर दोन कन्सोल. एका चॅनलवर पोलीस. दुसऱ्यावर फायर आणि ॲम्ब्युलन्स, एकत्र.

तीन बंब बाहेर होते. एका घरावर ओकचं झाड पडलेलं, एका चौकात तार तुटून ठिणग्या उडत होत्या, एका तळघरात पाणी शिरलेलं. ॲम्ब्युलन्स निघाली होती एका आजोबांकडे. त्यांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालायचं आणि हाताशी असलेला सिलिंडर संपत आला होता. तेवढ्यात कुणाच्या तरी खांद्यावरच्या माइकचं बटण दाबलं गेलं आणि दाबलेलंच राहिलं.

आमच्या धंद्यात याला ‘ओपन माइक’ म्हणतात. चॅनल एक, बोलणारा एका वेळी एक. एकाचं बटण अडकलं की बाकीच्यांना बोलायला जागाच उरत नाही. माझ्या हेडसेटमध्ये रेनकोटावर पडणारा पाऊस, एका माणसाची धाप आणि खोऱ्याचा खरखर आवाज. मधूनच दुसरं कुणी बोलायला गेलं की कुईंऽऽ अशी शिट्टी, पुन्हा पाऊस. गंमत अशी की कन्सोलवरून माझा आवाज सगळ्यांना जात होता. ‘आपापले माइक तपासा’ असं मी चारदा ओरडले. ते सगळ्यांनी ऐकलं, फक्त ज्यानं ऐकायला हवं होतं त्यानं नाही. कारण बटण दाबलेलं असताना रेडिओला ऐकू येत नसतं. बोलतो तेव्हा तो बहिरा असतो. (माणसांचंही तेच म्हणा.)

शेवटी शेजारच्या गड्याला त्याच्या सेटवरचा लाल दिवा दिसला आणि त्यानं खांद्यावर एक चापट मारली. रेकॉर्डिंगवर मोजलं तर चार मिनिटं दहा सेकंद. तेवढ्यात ॲम्ब्युलन्सनं तीनदा हाक मारली होती: रस्त्यात झाड आडवं आहे, करवतवाले पाठवा. मला एकही ऐकू आली नाही. दोघं जण सिलिंडर खांद्यावर घेऊन झाडाखालून वाकून चालत गेले आणि पोहोचले. आजोबा त्यानंतरही बरीच वर्षं होते. दर नाताळात आम्हाला बिस्किटांचा डबा पाठवायचे.

नोव्हेंबरात बैठक झाली. फायर चीफनं एकच मागणी ठेवली: ॲम्ब्युलन्सला वेगळा चॅनल द्या. सगळ्यांच्या माना डोलल्या. पैशाचीही तयारी होती, हे इथे रोज घडत नाही. मग गावानं नेमलेला रेडिओ सल्लागार घसा खाकरून म्हणाला, पैसे असले तरी मिळणार नाही. आपण टी-बँडमध्ये आहोत.

रविवारी मिरजेला फोन लावला. आप्पा, म्हणजे माझे वडील, पोलीस बिनतारी खात्यातून निवृत्त झालेले. मोर्सची की बडवत नोकरीला लागले, व्हीएचएफ सेट आले तेव्हा डोक्यावर टक्कल आलं होतं. जगात दुसरं काहीही चाललेलं असो, आम्हा बापलेकीच्या गप्पा अँटेनावर येऊन थांबतात. आई त्या वेळी फोन ठेवून स्वयंपाकघरात जाते.

“मग दुसरी फ्रिक्वेन्सी मागा की.”

“मिळत नाही आप्पा. आमचा बँडच सरकार परत घेणार आहे. लिलाव करणार आहेत त्याचा.”

“पोलिसांचा बँड? लिलावात? कुणाला देणार?”

“जो जास्त पैसे देईल त्याला.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, “म्हणजे तुमचं गाव बुडीत क्षेत्रात गेलं म्हण की.”

ही उपमा मला हसण्यावारी नेता येईना. आईचं माहेर वारणेच्या खोऱ्यातलं, चांदोली धरणाखाली गेलेलं. धरणाचं पाणी येण्याच्या कितीतरी आधी गाव उठणार हे ठरलं, आणि त्या दिवसापासून गावाला नवा विजेचा खांब मिळाला नाही. मामानं पडकी भिंत तशीच ठेवली, बांधून करणार काय? कर्ज कुणी देईना, सोयरीक जमेना. पाणी कधी येणार ते कुणी सांगत नव्हतं, पण येणार नाही असंही कुणी म्हणत नव्हतं.

आमच्या बँडचं तंतोतंत हेच झालं होतं. फक्त इथे धरण म्हणजे एक चांगली गोष्ट होती, आणि ती गोष्ट सांगायची तर जरा मागे जावं लागतं.

टी-बँड म्हणजे ४७० ते ५१२ मेगाहर्ट्झ. मुळात ही टीव्हीची जागा, चॅनल १४ ते २०. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या शहरांत पोलिसांना रेडिओला जागा पुरेना, तेव्हा अमेरिकेतल्या अकरा महानगरांत यातले त्या त्या ठिकाणी रिकामे असलेले एक-दोन-तीन टीव्ही चॅनल वायरलेसवाल्यांना वाटून दिले. न्यूयॉर्क आणि त्याला चिकटलेलं आमचं उत्तर न्यू जर्सी त्यातलंच. लहर साधारण साठ सेंटिमीटरची. भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरते, टेकडीमागे अगदीच मरत नाही, आणि हातातल्या सेटची अँटेना वीतभर पुरते. चाळीस वर्षं त्यावर शहरं चालली.

पण १९९० च्या दशकातच कळून चुकलं होतं की एवढ्यानं भागणार नाही. १९९७ च्या कायद्यानं टीव्हीचे ६३, ६४, ६८ आणि ६९ हे चॅनल, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासची २४ मेगाहर्ट्झ जागा, पोलीस आणि अग्निशमनाला द्यायचं ठरवलं. कागदावर दिली. प्रत्यक्षात तिथे टीव्ही केंद्रं बसलेली होती, आणि डिजिटलवर जाईपर्यंत ती हलणार नव्हती. ती हलली १२ जून २००९ ला. मधे ११ सप्टेंबर २००१ होऊन गेला.

तो दिवस मी इथेच होते, अजून या नोकरीत नव्हते. नंतर चौकशी आयोगाच्या अहवालात वाचलं: दक्षिण टॉवर ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला, उत्तर टॉवर १० वाजून २८ मिनिटांनी. मधल्या एकोणतीस मिनिटांत पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून वैमानिक सांगत होते की उत्तर टॉवरही टिकेल असं दिसत नाही. ते पोलिसांच्या रेडिओवर. उत्तर टॉवरच्या जिन्यांत असलेल्या अग्निशमनच्या जवानांना ते ऐकू येणं शक्यच नव्हतं. शेजारचा टॉवर पडलाय हेही त्यातल्या अनेकांना ठाऊक नव्हतं. ३४३ जवान गेले. सगळं खापर फ्रिक्वेन्सीवर फोडणं मात्र बरोबर नाही. इमारतीतला रिपीटर, म्हणजे क्षीण आवाज जोर देऊन पुढे पाठवणारं यंत्र, पूर्ण चालू झाला नव्हता, एकाच चॅनलवर गर्दी झाली होती, दोन खात्यांची एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. पण आयोगाच्या शिफारशींत एक सरळ होती: सार्वजनिक सुरक्षेला जास्त स्पेक्ट्रम द्या, आणि लवकर द्या.

२००८ मध्ये सरकारनं एक हुशारी करून पाहिली. ७०० मध्येच ‘डी ब्लॉक’ नावाचा १० मेगाहर्ट्झचा तुकडा लिलावात काढला. अट अशी की घेणाऱ्यानं स्वतःच्या पैशानं देशभर नेटवर्क उभं करायचं आणि संकटात ते पोलीस-अग्निशमनाला आधी द्यायचं. किमान अपेक्षा सुमारे १.३ अब्ज डॉलरची. आली एकच बोली, ४७ कोटी २० लाखांची. त्याच लिलावात बाकीच्या तुकड्यांवर कंपन्यांनी जवळजवळ १९ अब्ज ओतले होते. म्हणजे खिशात पैसे नव्हते असं नाही. ‘आधी बंबवाले’ ही अट घशाखाली उतरली नाही. मला यात कंपन्यांचाही फार राग येत नाही. गिऱ्हाईक बघून बोली लावणाऱ्याला बंबाची गाडी चालवायला सांगितली तर दुसरं काय होणार?

चार वर्षं भांडण चाललं. शेवटी २२ फेब्रुवारी २०१२ ला सही झालेल्या कायद्यानं डी ब्लॉक सरळ सार्वजनिक सुरक्षेला दिला, त्यांच्या आधीच्या १० मेगाहर्ट्झला जोडून सलग २० मेगाहर्ट्झ केले, फर्स्टनेट नावाची संस्था काढली आणि सात अब्ज डॉलरची तरतूद केली. इथल्या पोलीस ठाण्यांत त्या दिवशी केक कापले गेले. आमच्याकडेही.

केक खाताना कायद्याचं पुढचं कलम कुणी वाचलं नव्हतं. डी ब्लॉकच्या बदल्यात टी-बँड परत. नऊ वर्षांच्या आत, म्हणजे फेब्रुवारी २०२१ पर्यंत, त्याचा लिलाव सुरू करायचा. लिलाव संपल्यावर दोन वर्षांत पोलिसांनी आणि अग्निशमननं तिथून उठायचं. उठायचा खर्च लिलावात येणाऱ्या पैशांतून. आपल्याकडे धरणग्रस्तांनी ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही घोषणा का दिली ते इथे कुणाला समजावून सांगू?

आणि एप्रिलमध्ये गोठवणूक आली. टी-बँडमध्ये नव्या फ्रिक्वेन्सी बंद, आहे त्या परवान्याचा विस्तार बंद. म्हणजे सँडी आलं तेव्हा आमची भिंत पडकी ठेवायचा हुकूम सहा महिने जुना होता, आम्हालाच पत्ता नव्हता.

आप्पांनी त्या फोनवर आणखी एक प्रश्न विचारला. “मग ते नवीन वीस आहेत त्यात जावा की. चांगला बँड मिळालाय.”

हाच प्रश्न आमच्या गावच्या एका नगरसेवकानंही विचारला होता. फर्स्टनेट हे मोबाइलसारखं नेटवर्क आहे. २०१७ मध्ये ते उभारायचं पंचवीस वर्षांचं कंत्राट एटी अँड टीला मिळालं. त्यावर नकाशे येतात, व्हिडिओ येतो, ॲम्ब्युलन्समधून ईसीजी दवाखान्यात आधी पोहोचतो. त्याच्याशी माझं भांडण नाही, उलट आज ते नसेल तर अडेल. पण फोनला टॉवर लागतो. दोन माणसं एकाच जळत्या तळघरात, दहा फुटांवर, तरी एकाचा शब्द दुसऱ्याला टॉवरला वळसा घालूनच जाणार. हातातला साधा सेट चॅनल फिरवला की थेट दुसऱ्या सेटशी बोलतो, मधे कुणी लागत नाही. टॉवर पडलेल्या रात्री हाच फरक उरतो. आप्पांना हे एका वाक्यात कळलं. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ मध्ये ते बंदोबस्ताला गेले होते. दोन बांबूंमध्ये तार ताणून एचएफ सेट लावला होता आणि पहिले दोन दिवस मेलेल्यांच्या याद्या त्या तारेवरून पाठवल्या होत्या. त्याबद्दल ते याहून जास्त कधी बोलले नाहीत.

नगरसेवकाला मात्र तीन बैठका लागल्या.

पुढची आठ वर्षं आम्ही पडक्या भिंतीत काढली. जुन्या सेटचे सुटे भाग मिळेनात, नवे घ्यावेत तर ‘२०२३ मध्ये फेकायचे असतील तर?’ म्हणून फाइल परत. मी स्वतःसाठी एक नियम केला: वादळ आलं की ॲम्ब्युलन्सनं दर दहा मिनिटांनी हजेरी द्यायची, आली नाही तर पोलिसांच्या चॅनलवरून गाडी पाठवायची. हाही आप्पांचाच. त्यांच्या जिल्ह्याच्या बिनतारी जाळ्यावर ठरल्या वेळी प्रत्येक ठाण्यानं हाकेला ओ द्यायची. एखादं गप्प राहिलं तर शेजारच्या ठाण्याचा शिपाई सायकलवर निघायचा.

दरम्यान हिशेब करणाऱ्यांनी हिशेब केले. २०१३ मध्येच सार्वजनिक सुरक्षा दूरसंचाराच्या राष्ट्रीय परिषदेनं सांगितलं की सगळ्यांना हलवायचा खर्च ५.९ अब्ज डॉलर होईल. २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं, जीएओनं, अहवाल दिला. त्यात खुद्द दूरसंचार आयोगाचा अंदाज होता: खर्च पाच ते सहा अब्ज, आणि लिलावातून तेवढे येणार नाहीत. त्यातली खरी मेख मला सल्लागारानं जेवणाच्या सुट्टीत नॅपकिनवर काढून दाखवली. टी-बँडमध्ये पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी सलग नाहीत. मधेमधे टॅक्सीवाले, बांधकाम कंपन्या, मालाच्या गाड्या. कायदा उठवणार होता फक्त पोलीस-अग्निशमनला; टॅक्सीवाले तिथेच राहणार. म्हणजे एकाच गल्लीतली एकाआड एक घरं पाडून ती जागा मोठा प्लॉट म्हणून विकायची. कोण घेणार? आणि उठून जायचं कुठे? न्यूयॉर्क, शिकागो, बॉस्टन, लॉस एंजेलिस, फिलाडेल्फिया इथे ७००-८०० मध्ये एवढ्या लोकांना जागाच शिल्लक नव्हती.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर. दीड दिवस आप्पांचा मोबाइल ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. मी इथे कन्सोलसमोर बसून दुसऱ्यांच्या वडिलांसाठी गाड्या पाठवत होते. आप्पा सुखरूप होते, मामेभावाकडे वरच्या मजल्यावर. फोन लागल्यावर त्यांचं पहिलं वाक्य: “अगं, बॅटरी वाचवायला बंद ठेवलाय, तू उगाच काय करायलीस?” आणि दुसरं: “ट्रायनं गेल्या वर्षी सांगितलंय म्हणे, आपल्याकडं पण पोलिसांना आणि आपत्तीवाल्यांना वेगळं द्या.” खरं होतं. ट्रायची, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, जून २०१८ ची शिफारस: ८१४ ते ८२४ आणि ८५९ ते ८६९, दहा-दहाची जोडी, देशभर एकच. पुरात अडकलेला म्हातारा वरच्या मजल्यावर बसून मला आकडे सांगत होता.

२७ डिसेंबर २०२०, रविवार. अमेरिकेच्या एका भल्यामोठ्या खर्चाच्या विधेयकावर रात्री सही झाली. कोविडच्या मदतीचं विधेयक म्हणून सगळे वाट बघत होते. हजारो पानांत कुठेतरी टी-बँड परत घ्यायचं कलम रद्द करणारी काही वाक्यं होती. लिलावाची मुदत जेमतेम दोन महिन्यांवर आली होती. मिरजेत सोमवार उजाडला होता, आप्पा चहा घेत होते.

“धरण रद्द झालं, आप्पा.”

“बरं झालं. भिंत कधी बांधताय?”

२०२१ च्या जूनमध्ये त्यांचा उलटा फोन आला. केंद्रीय मंत्रिमंडळानं रेल्वेला गाड्यांच्या आणि स्थानकांच्या सुरक्षेसाठी ७०० च्या बँडमधले ५ मेगाहर्ट्झ दिले होते. मिरज जंक्शनच्या माणसाला याचा अभिमान वाटणारच. “पण हा तोच बँड ना गं, जो लिलावात दोनदा कुणी घेतला नाही? किंमत जास्त म्हणून?” तोच, म्हटलं. “मग हेच बरं. इकडं नाही खपलं की मग लोकांच्या कामाला.” आणि खूप वेळ हसत राहिले.

आमचा दुसरा चॅनल आला, त्याला आणखी बराच काळ गेला. अर्ज, शेजारच्या गावाची हरकत, समन्वयकाचं पत्र, टेकडीवरच्या टाकीवर चढून अँटेना लावायला हवामान. तो सगळा कंटाळा लिहीत नाही.

गेल्या मार्चमध्ये, पावसाची साधीच संध्याकाळ, एका गाडीच्या धडकेला बंब गेला होता आणि पुन्हा कुणाचं तरी बटण अडकलं. मी म्हटलं, “सर्व युनिट, दुसऱ्यावर या.” ॲम्ब्युलन्स आली, बंब आला, चीफ आला, एकेकानं ओ दिली. पहिल्या चॅनलवर फक्त एक जण राहिला, स्टेशनात उभ्या गाडीत बसून बेगल खाणारा. तो शेजाऱ्याला तपशिलानं सांगत होता की चीफला नवीन गाडी कशी धड मागे घेता येत नाही. चीफनं दुसऱ्यावरून मला विचारलं, पहिला रेकॉर्ड होतोय ना?